मास्तरांचा पाव

सकाळी सव्वासहाला आजोबा वजनकाट्यावर चढायचे तेव्हा घरात कुणी शिंकतसुद्धा नसे. बाथरूमच्या दाराशी काटा, काट्यावर आजोबा, आणि समोर फरशीवर उकिडवी बसलेली त्यांची नात, नाक आकड्यांना टेकेल इतकी वाकलेली.

"हात सोडा, आजोबा."

"कुठला हात?"

"भिंतीला टेकवलाय तो. सगळा भार भिंतीवर टाकताय."

आजोबांनी हात सोडला. आकडा सातशे ग्रॅमनी वर सरकला.

"ही पोरगी पोलिसात जाणार," ते म्हणाले.

"वकील होणार," ती म्हणाली आणि मान वळवून ओरडली, "आई, एकाहत्तर आठशे! लिही!"

"कालपेक्षा चारशे जास्त," स्वयंपाकघरातून आईचा आवाज आला, अगदी बारीक.

घरात तिला सगळे वकीलीणबाईच म्हणत. मागच्या वर्षीपर्यंत पाहुणे आले की ही मुलगी आईच्या पाठीमागे जाऊन उभी राहायची आणि नाव विचारलं तरी आईकडे बघायची. मग नववीत कुणीतरी तिला ढकलून वादविवाद स्पर्धेत उभं केलं. समोर दहावीचा एक मुलगा होता, त्याला तिनं चार प्रश्नांत असं गुंडाळलं की तो व्यासपीठावरून डोळे पुसत उतरला. त्या दिवसापासून जी जीभ सुटली ती सुटलीच. दूधवाल्यापासून मुख्याध्यापिकेपर्यंत कुणाचीही उलटतपासणी. आणि आजोबांचं वजन म्हणजे तर तिचा स्वतःचा खटला.

आजोबांचं हृदय दमलं होतं. डॉक्टरीणबाईंनी कागदावर चित्र काढून सांगितलं होतं, की हा पंप, आणि हा आता पूर्वीसारखा उपसत नाही. मीठ खाल्लं की अंगात पाणी धरतं. ते आधी पायात उतरतं, मग पोटात, आणि मग फुफ्फुसात चढतं. "या वेळी वाचलात," पेनाचं टोपण लावत त्या म्हणाल्या. "पुन्हा फुफ्फुसात पाणी चढलं तर घरी परत न्याल याची खात्री मी देणार नाही. रोज सकाळी वजन करा. तीन दिवसांत दोन किलो वाढलं तर मला फोन."

मग आईनं कंबर कसली. आई एका मोठ्या लाँड्रीत वाफेच्या इस्त्रीवर होती. सकाळी आठ ते चार, हॉटेलांच्या चादरी आणि दवाखान्यांचे डगले. संध्याकाळी घरी यायची तेव्हा तिच्या काळ्या कुडत्याच्या पाठीवर वाळलेल्या घामाचे पांढरे नकाशे असायचे. तरी पहाटे उठून ती आजोबांचं वेगळं शिजवायची. आहारतज्ज्ञ बाईंचा कागद फ्रिजवर डकवलेला: दिवसभरात सगळं मिळून सपाट पाऊण चमचा मीठ, पाणी-चहा-सूप धरून दीड लिटर. आई लसूण आधी तव्यावर भाजायची, टोमॅटो विस्तवावर काळे करायची, मिरी ऐनवेळी कुटायची, लिंबू अगदी शेवटी पिळायची. डब्यातले वाटाणे दोनदा धुवायची. पाकिटांवरची बारीक अक्षरं वाचायला तिनं बाबांच्या दुकानातून भिंग आणलं होतं. बाबा चष्म्याच्या काचा घासायचे. दुसऱ्यांना लख्ख दिसावं म्हणून दिवसभर घासायचे आणि घरी आले की त्यांना काही दिसत नसे.

"कसं झालंय, अप्पा?" आई विचारायची. आजोबांना घरातले मोठे अप्पा म्हणत.

आजोबा एक घास तोंडात फिरवायचे, छताकडे बघायचे आणि म्हणायचे, "मेलेल्याच्या तोंडात घालायला छान आहे."

 दुसऱ्या दिवशी आई व्हिनेगर घालून बघायची, तिसऱ्या दिवशी आलं. आणि दीड महिन्यात आजोबांचं वजन चार किलोंनी उतरलं. चपला पायांत शिरायला लागल्या. एक दिवस ते दोन जिने न थांबता चढले आणि वर येऊन म्हणाले, "हे गोळ्यांमुळे बरं का. त्या गवतामुळे नव्हे."

वकीलीणबाई खदाखदा हसली. आजोबांच्या बोलण्यावर ती नेहमीच हसायची. लहानपणापासून तिनं त्यांच्या बेकरीच्याच गोष्टी ऐकल्या होत्या. चाळीस वर्षं ते एका मोठ्या बेकरीचे मुख्य भट्टीवाले होते, सगळं गाव त्यांना मास्तर म्हणायचं. बिघडलेला पाव मास्तर कधी फेकत नसत. ज्यानं बिघडवला त्याला पिठाच्या पोत्यावर उभं करायचं, सगळ्या पाळीला गोळा करायचं आणि तो अख्खा पाव त्याला कोरडा खायला लावायचा, पाण्याशिवाय. "रडले तरी गिळायचं," आजोबा सांगायचे. "एकदा खाल्ला की आयुष्यात दुसरा बिघडत नाही." वकीलीणबाईला ही गोष्ट फार आवडायची. पोत्यावर उभ्या राहिलेल्या माणसाचं तोंड आजोबा हुबेहूब करून दाखवत.

त्या बेकरीचा एक रिवाज होता. निवृत्त झालेल्या मास्तराला, तो जिवंत असेपर्यंत, रोज पहिल्या भट्टीतला पहिला पाव घरी पोचवायचा. वर सुरीनं दोन तिरक्या चिरा मारलेला. आणि तो पाव मास्तरांनीच मोडायचा, दुसऱ्या कुणी हात लावायचा नाही. बेकरीचा गाडीवाला सकाळी पिशवी दाराच्या कडीला अडकवून जायचा. आजोबा पाव आपल्या कपाटात ठेवायचे आणि दिवसभरात त्यातला हवा तेवढा खायचे. घरात इतकी वर्षं चाललेलं, त्यामुळे कुणाच्या डोळ्यांवर येत नसे.

आईच्या मात्र आला होता. पहिल्यांदा आहारतज्ज्ञ बाईंकडे गेले तेव्हाच तिनं विचारलं होतं, "आणि पाव चालेल का?"

बाईंनी तोंड उघडायच्या आत आजोबा म्हणाले, "बाई, तुम्ही पाव खाल्लेत, मी केलेत. पीठ, पाणी, यीस्ट आणि चिमूटभर साखर. पावात मीठ टाकलं तर यीस्ट मरतं. इतकं साधं आहे."

"तरी बेकरीत एकदा विचारून घ्या," बाई म्हणाल्या.

"बेकरीत विचारायचं म्हणजे मलाच विचारायचं."

सगळे हसले. वकीलीणबाई सगळ्यांत मोठ्यानं. आई ओशाळली. चाळीस वर्षं भट्टीवर काढलेल्या माणसाला पावाबद्दल इस्त्रीवाली सून काय शिकवणार! आईनं कागदावर पावापुढे बरोबरची खूण केली.

आणि आता महिनाभर काटा चढत होता. दोनशे, चारशे, मग खाली, मग पुन्हा पाचशे. डॉक्टरीणबाईंनी गोळी वाढवली आणि बाबांना फोनवर स्पष्ट विचारलं, "घरात यांना मीठ कोण देतंय?"

बाबांनी हा प्रश्न आपल्या बहिणीला कळवला, ती आठवडाभराची रजा टाकून बॅग घेऊन हजर झाली आणि मग हा प्रश्न घरात पाहुण्यासारखा राहायलाच आला.

"वहिनी, डोळ्यांत तेल घालून बघतेस म्हणे तू अप्पांचं," आत्या पहिल्याच जेवणाला म्हणाली. "त्या तेलात थोडं मीठ पडतंय वाटतं."

"मी चमच्यानं मोजून घालते, ताई. अर्धा चमचा दिवसाचा."

"मोजणारा हात कुणाचा, तुझाच ना?"

आत्यानं त्याच संध्याकाळी घरातलं सगळं मीठ मोरीत ओतलं. आजोबांच्या जोडीनं अख्ख्या घरानं अळणी खायचं, असं ठरलं. आत्या म्हणाली, आपल्या माणसासाठी एवढं करता येत नसेल तर माणूसपण कसलं. बाबांनी मान डोलावली. वकीलीणबाईनं तर टाळ्या वाजवल्या. ती शाळेत मधल्या सुट्टीत खाऱ्या वेफर्सचं पाकीट फोडायची, तो भाग वेगळा.

काटा तरीही चढला. वकीलीणबाईनं तपास हातात घेतला. तिनं कचऱ्याचा डबा उपसला, बाबांचे खिसे तपासले, आजोबांच्या उशीखाली हात घातला. आणि मंगळवारी आईच्या लाँड्रीच्या पिशवीत, तळाला, हातरुमालात गुंडाळलेली सर्दीच्या मलमाची जुनी डबी तिला सापडली. आत पांढरं. तिनं बोट बुडवून चाटलं आणि तिच्या पोटात आनंदाची लाट उसळली. खरंच आनंदाची. दुसरा शब्द नाही त्याला.

तिनं लगेच कुणाला सांगितलं नाही. सगळे जेवायला बसेपर्यंत ती थांबली. आजोबा ताटाशेजारी आपला पाव मोडत होते, बाबा सूप ढवळत होते, आत्या कुणाच्या तरी सुनेबद्दल बोलत होती. वकीलीणबाई उठून उभी राहिली आणि डबी टेबलाच्या मधोमध ठेवली.

"ही कुणाची?"

आईचा चमचा हातातच राहिला. "माझी."

"आत काय आहे?"

"मीठ."

"घरात मीठ आणायचं नाही असं ठरलं होतं की नव्हतं?"

"ते घरासाठी नाही गं. दुपारच्या माझ्या डब्यावर घेते मी चिमूटभर. त्या वाफेत आठ तास उभं राहिलं की दुपारी गरगरतं मला, परवा तर..."

"हो की नाही?"

"अगं, ऐकून तरी..."

"हो किंवा नाही!"

आईनं तिच्याकडे बघितलं. पाहुण्यांसमोर जिला पाठीमागे उभं राहू दिलं, ती हीच मुलगी आहे का, असं काहीतरी त्या बघण्यात होतं. वकीलीणबाईनं नजर वळवली नाही. व्यासपीठावर नजर वळवायची नसते.

"हो," आई म्हणाली.

"बघितलंस, दादा?" आत्या म्हणाली. "पोटच्या पोरीनं पकडलं. मी म्हटलं असतं तर नणंद म्हणून बदनाम झाले असते."

बाबा पुन्हा सूप ढवळायला लागले. मग आईनं शेवटचा म्हणून आजोबांकडे चेहरा वळवला. "अप्पा, तुम्ही सांगा. तुमच्या जेवणात कधी लागलं का हो मीठ तुम्हाला? तुम्हीच तर रोज नावं ठेवता."

सगळे आजोबांकडे बघायला लागले. आजोबांनी पावाचा तुकडा सावकाश चावून संपवला.

"जाऊ द्या," ते म्हणाले. "सून आहे ती माझी. दया आली असेल म्हाताऱ्याची. अधूनमधून भाजीला चव लागायची. मी बोललो नाही, उगाच तिला ओरडा बसायला नको."



"पोरगी मात्र माझ्यावर गेलीय," आजोबा पुढे म्हणाले. "सगळ्यांसमोर विचारलं. असंच विचारायचं असतं."

वकीलीणबाईच्या अंगावर मूठभर मांस चढलं.

आईनं अंगातला एप्रन काढला. लाँड्रीत चादर घडी करतात तशी त्याची घडी घातली, कडेला कड लावून, हातानं दाबून, आणि ती आत्याच्या ताटाशेजारी ठेवली. मग ती बाहेरच्या खोलीत जाऊन बसली. दुसऱ्या दिवसापासून तिनं स्वयंपाकघराचा उंबरा ओलांडला नाही. सकाळी लाँड्रीच्या कँटीनमध्येच खायची, संध्याकाळी आली की खिडकीशी खुर्ची ओढून बसायची. वकीलीणबाईनं काही विचारलं तर "हो", "नाही" एवढंच सांगायची. जे त्या दिवशी मागितलं होतं तेच.

आत्यानं रजा वाढवली आणि एप्रन बांधला. तिला स्वयंपाकाचं फार कौतुक नव्हतं. बटाटा उकडला, वाटाणे उकडले, अंडं उकडलं, झालं जेवण. मीठ घरात औषधालासुद्धा नव्हतं. वकीलीणबाई रोज सव्वासहाला उकिडवी बसायची आणि विजयी आवाजात आकडा ओरडायची तयारी करायची.

बहात्तर सहाशे.

त्र्याहत्तर शंभर.

"तिनं आधी भरून ठेवलंय ना अंगात," आत्या म्हणाली. "उतरायला वेळ लागणारच."

त्र्याहत्तर नऊशे. आजोबांच्या चपला पुन्हा बसेनात, आत्यानं कात्रीनं त्यांचे पट्टे कापले. घोट्यावर बोट दाबलं तर खळगा पडायचा आणि बराच वेळ तसाच राहायचा. आधी दोन उशा लागत, मग तीन, मग ते आरामखुर्चीतच झोपायला लागले. बोलताना मधेच थांबून श्वास घ्यायचे. पण पाव संपवायचे. पूर्वी अर्धा पुरायचा, आता अख्खा.

वकीलीणबाईला गणित सुटेना. आरोपी बाहेर, मीठ बाहेर, आणि काटा वर. रात्री अंथरुणात ती उताणी पडून हिशोब लावायची आणि प्रत्येक वेळी त्याच्या शेवटी आईचा तो चेहरा येऊन बसायचा. ती कूस बदलायची.

दहाव्या दिवशी तिनं दाराची पिशवी आत आणली आणि सहज पाव बाहेर काढून बघितला. बुटका. लहानपणी हाच पाव पिशवीत मावायचा नाही, वरचा फुगवटा तोंडाशी डोकावायचा. हा विटेसारखा बसला होता, जड आणि घट्ट. आजोबांनी पाव हातातून काढून घेतला. "हात नाही लावायचा, माहीत आहे ना?"

"आजोबा, हा असा बसका का झालाय?"

"त्या जाड्याला अजून भट्टी कळत नाही," आजोबा म्हणाले, आणि कपाटाचं दार लावलं.

अकराव्या दिवशी, शनिवारी, तिनं सायकल काढली आणि पहाटे साडेपाचला बेकरी गाठली. मागचं दार उघडंच होतं. आत भिंतीएवढे लोखंडी रॅक, त्यांवर पत्र्याचे साचे, मधे पीठ मळायचं मशीन दणदणत फिरणारं, आणि गरम हवा अशी की भुवया करपतील. भट्टीच्या तोंडाशी लांब फळी घेऊन एक प्रचंड माणूस उभा होता. हाच जाड्या. आजोबांच्या हाताखाली तयार झालेला आणि आता त्यांच्या जागी असलेला.

"मास्तरांची नात? अगं, मला वाटलं गेले की काय मास्तर!"

"नाही अजून," ती म्हणाली. "त्यांचा पाव बुटका का येतो?"

जाड्यानं फळीवरून दोन चिरांचा पाव उतरवून टेबलावर ठेवला. शेजारच्या पावांच्या निम्म्या उंचीचा. "मीठ जास्त असलं की यीस्ट दबतं. पाव फुगत नाही. त्याला मी काय करू?"

"पावात मीठ असतं?"

जाड्या हसला. इतका हसला की त्यानं फळी भिंतीला टेकवली. "शंभर किलो पिठाला दोन किलो! मिठाशिवाय पाव कुठल्या देशात करतात? मास्तरांच्या घरातली तू आणि हे विचारतेस? आणि त्यांच्या पावाला तर दुप्पट. वेगळा गोळा मळतो मी त्यांच्यासाठी रोज. महिना-दीड महिना झाला, फोन आला होता. म्हणाले, जाड्या, जीभ मेलीय माझी, मीठ दुप्पट टाक."

"त्यांना मीठ बंद आहे. हृदयासाठी. तुम्हाला माहीत नव्हतं?"

जाड्याचं हसू ओसरलं. "नव्हतं."

"मग विचारलं का नाही, कशाला दुप्पट म्हणून?"

"मास्तरांना?" जाड्यानं कपाळ पुसलं. "एकदा विचारला होता त्यांना प्रश्न. एकोणीस वर्षांचा होतो. त्या तिथे पोत्यावर उभं करून अख्खा पाव खायला लावला होता. कच्चा राहिलेला. चार दिवस पोट धरून पडलो होतो."

पोत्याची गोष्ट. तिला आजोबांनी केलेलं ते तोंड आठवलं. ते याचं होतं.

ती घरी पोचली तेव्हा सगळे नाश्त्याला बसले होते. आई बाहेरच्या खोलीत बुटांच्या नाड्या बांधत होती. वकीलीणबाई तडक टेबलाशी गेली आणि सगळ्यांसमोर तिनं बेकरीतून आणलेला तो बुटका पाव मोडला.

"खाली ठेव!" आजोबा गरजले. श्वास पुरत नसतानाही आवाज बेकरीतलाच होता.

तिनं खाली ठेवला नाही. एक तुकडा बाबांच्या हातात दिला, एक आत्याच्या बशीत टाकला, एक स्वतः खाल्ला. आत्यानं चावला आणि थू करून हातात काढला. "खारट आहे गं बाई!"

बाबा चावत राहिले. बराच वेळ चावत राहिले, आणि मग त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला.

तिनं जाड्यानं सांगितलेलं सगळं सांगितलं. दोन किलो, दुप्पट, फोन. आजोबांनी एकही गोष्ट नाकारली नाही. ते खुर्चीत मागे रेलले आणि तिच्याकडे जवळजवळ कौतुकानं बघत राहिले.

"मरण माझं आहे," ते म्हणाले. थांबले. श्वास घेतला. "चव घेऊन मरेन. त्यात कुणाचं काय जातं?"

"मग आईला मधे का घातलंत?"

"मधे कुणीतरी लागतंच. भट्टी आणि हात यांच्यामधे फडकं लागतं ना? तसं."

 आजोबांनी पुन्हा श्वास गोळा केला. "आणि मी कुठे घातलं? डबी कुणी आणली टेबलावर? हो किंवा नाही कोण ओरडलं? मी फक्त गप्प... फक्त थोडं बोललो. अख्खा पाव तू भाजलास, वकीलीणबाई."

  चार प्रश्नांत कुणालाही गुंडाळणाऱ्या त्या मुलीनं पावाचा तुकडा उचलला आणि ती बाहेरच्या खोलीत गेली.

"आई, हे खाऊन बघ. आई, यात होतं सगळं. तू नव्हतीस."

आईनं दुसरी नाडी बांधली. तुकड्याकडे बघितलं.

"मी नव्हते हे मला माहीत होतं," ती म्हणाली. "मला उशीर होतोय."

दार लागलं.

दुपारी आजोबांचे ओठ निळे पडले आणि त्यांना दवाखान्यात न्यावं लागलं. चार दिवस नळीतून औषध देऊन त्यांच्या अंगातलं पाणी काढलं. डॉक्टरीणबाईंनी बाबांना कोपऱ्यात घेतलं आणि बरंच काही ऐकवलं. आजोबा घरी आले ते एकोणसत्तर किलोचे होऊन, गाल बसलेले, हातावर सुयांचे निळे डाग. आत्यानं तोवर एप्रन धुऊन वाळवला होता. "झालं ते झालं," ती आईला म्हणाली. "वहिनी, तू मोठ्या मनाची आहेस." आणि संध्याकाळची गाडी पकडून निघून गेली.

आईनं एप्रन बांधला.  बाबांनी मिठाचं नवं पाकीट आणून ठेवलं होतं, कुणी न सांगता. इतक्या वर्षांत त्यांना घरातलं पहिल्यांदा काहीतरी दिसलं होतं.

तिनं लसूण भाजला, टोमॅटो काळे केले, मिरी कुटली. घरभर असा वास सुटला की वकीलीणबाईच्या तोंडाला पाणी सुटलं. अकरा दिवस उकडलेला बटाटा आणि नंतर चार दिवस दवाखान्याबाहेरची बिस्किटं. आता आई रागावेल, एक ठेवून देईल, मग रडेल, मग जवळ घेईल, असं तिनं मनात मांडून ठेवलं होतं. आपण काय म्हणायचं तेही पाठ केलं होतं.

आजोबांच्या ताटात आईनं कागदाप्रमाणे वाढलं, मोजून, वर लिंबाची फोड. शेजारी पाव. जाड्यानं स्वतः आणून दिला होता, आईनं सांगितल्यावरून. मिठाचा कणही न घातलेला. भरमसाट फुगलेला, टोपीसारखा, दिसायला राजबिंडा.

आजोबांनी एक तुकडा तोंडात घातला. चघळला. "कापूस आहे हा," ते म्हणाले.

"अख्खा संपवायचा," आई म्हणाली. आवाज अजिबात चढला नव्हता. "रोज. सगळ्यांसमोर."

आजोबांनी तिच्याकडे बघितलं आणि चाळीस वर्षांत पहिल्यांदा, कदाचित, नजर आधी त्यांनी वळवली.

मग आईनं बाबांना वाढलं, स्वतःला वाढून घेतलं आणि शेवटी लेकीला. तसंच, तेच, वाफाळलेलं. मग तिनं खिशातून ती सर्दीच्या मलमाची डबी काढली. बाबांच्या ताटात दोन चिमटी टाकल्या, आपल्या ताटात दोन. वकीलीणबाईनं हात पुढे केला.

आईनं झाकण लावलं. डबी स्वतःच्या ताटापलीकडे ठेवली.

"अकरा दिवस," ती म्हणाली. "आज पहिला."

वकीलीणबाईनं बाबांकडे बघितलं. बाबा जेवत होते. तिनं आजोबांकडे बघितलं. ते पावाचा कोरडा घास घशाखाली ढकलत होते आणि डोळ्यांच्या कोपऱ्यातून तिला बघून, इतक्या हालातही, त्यांच्या मिशीखाली काहीतरी हललं. पोत्यावर अजून एकजण चढलं होतं.

तिनं घास घेतला. लसूण होता, मिरी होती, लिंबू होतं, सगळं होतं. तिनं गिळला. दुसरा घेतला.

"कसं झालंय?" आईनं विचारलं.

"छान झालंय."

"खोटं बोलू नकोस," आई म्हणाली. "घरात एकजण बोलतो तेवढं पुरे आहे."